चुरलेली टरफलं

दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. पुन्हा.

योगिनीने ओल्या कचऱ्याच्या बादलीत हात घालून तो प्लॅस्टिकचा त्रिकोण बाहेर काढला आणि ओट्याच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. तो कुणालाही दिसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी बाई ती. वर्गात तिने नुसतं वर पाहिलं तरी पोरं चिडीचूप होत, आणि घरातल्या तीन माणसांना ओला कचरा कशाला म्हणतात एवढं तिला आजवर शिकवता आलं नव्हतं.

बादलीचं झाकण उघडलं की तिघांची हजेरी लागायची. सासूबाईंच्या, म्हणजे आवडाबाईंच्या, विड्याच्या पानांचे देठ. मुलीच्या, ईशाच्या, रंगीत पेन्सिलींची सालपटं. आणि सगळ्यात वर नवऱ्याची अंड्यांची टरफलं. सर्वेश मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. उजाडायच्या आत निघायचा आणि निघण्याआधी स्वतःचं आम्लेट स्वतः करून घ्यायचा, एवढा गुण होता त्याच्यात. टरफलं मात्र एकात एक घालून, नीट रचून बादलीत ठेवायचा, कपाटात वाट्या ठेवाव्यात तशी.

"अहो, अख्खं टरफल मातीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. चुरलं तर झाडाला चुना मिळतो. मुठीत धरायचं आणि दाबायचं. एवढंच करायचं असतं."

"हो, उद्यापासून," सर्वेश म्हणायचा.

त्याचा उद्या कधी उगवला नाही. शेवटी योगिनीच रोज ती टरफलं मुठीत घ्यायची आणि पीठ होईपर्यंत चुरायची. आता तर हाताला इतकी सवय झाली होती की डोक्यात शाळेचे विचार चालू असताना हात आपला चुरत असायचा. आणि तोंड बोलत असायचं. "मी मेल्यावरच शिकाल तुम्ही. एक दिवस मी नसले ना, मग कळेल."

बायका जे रोज बोलतात, तेच ती बोलायची. त्याच्याकडे कुणी लक्ष द्यायचं नसतं, आणि कुणी दिलंही नाही.

सगळा खटाटोप मातीसाठी होता. सासरे गंगाराम गेले, बंदराजवळच्या घरात माणसं मावेनाशी झाली, तेव्हा सर्वेशने कुवारबावच्या वरच्या अंगाला घर बांधलं. हवा छान, रस्ता छान, पण जमीन म्हणून जी म्हणायची ती नुसता कातळ. पहार मारली तर ठिणगी उडायची. योगिनीला परसात मोगरा हवा होता, अळू हवं होतं, दारात एक तरी कढीपत्त्याचं झाड हवं होतं. विकतची माती गाडीभर आणून टाकली, तर एका पावसाळ्यात ती वाहून खालच्या बिऱ्हाडाच्या अंगणात गेली आणि त्यांची जास्वंद फोफावली. तेव्हा तिने ठरवलं की माती आपणच करायची.

घराच्या बांधकामातून उरलेल्या चिऱ्यांच्या तिने मागच्या बाजूला दोन टाक्या बांधून घेतल्या. समोरच्या बाजूला एकावर एक सरकणाऱ्या लाकडी फळ्या. डावी टाकी आधी भरायची, भरली की झाकून कुजू द्यायची, तोवर उजवी वापरायची. प्रत्येक बादलीवर काजूच्या सुक्या पाल्याचा थर. पुस्तकात दिलंय तस्सं.

खताला लागणारं विरजण मात्र तिने मालगुंडहून आणलं. आवडाबाईंचं माहेर तिथलं. भावाच्या घराशेजारी एक बंद वाडी होती. घरातली माणसं कधीकाळी मुंबईला गेली ती परत आली नाहीत. त्या घरामागचा उकिरडा पाहून योगिनी हरखली. काळीभोर, भुसभुशीत, चहाच्या पुडीसारखी मोकळी माती. तिने गोणपाट पसरलं आणि भरायला घेतली.

"मागून घेतलीस काय गो?" आवडाबाई दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या.

"कुणाला मागायचं, आई? तिथे कुणी राहत नाही."

"राहात नाय म्हणून काय झाला? दोन शब्द बोलून घ्यायचे. हे जे हाय ते तुमचा, मला थोडा नेऊ द्या. आमच्यात कुणी मागितल्याबिगर दुसऱ्याच्या उकिरड्याला हात लावीत नाय."

योगिनीने बरं म्हटलं आणि गोण बांधली. उकिरड्याशी बोलत बसायला तिला वेळ नव्हता, शेवटची गाडी गाठायची होती. घरी येऊन ती माती तिने डाव्या टाकीच्या तळाला पसरली. एकच गोष्ट तिला जराशी खटकली. त्या मातीला वासच नव्हता. चांगल्या मातीला वास असतो. हिला नाक लावलं तरी काही येत नव्हतं.

पुढे टाकीलाही कधी वास आला नाही. सर्वेश खूश झाला. दिवाळीच्या सुमारास डावी टाकी काठोकाठ भरली, तेव्हा योगिनीने वर पाला टाकला, गोणपाट घातलं, पत्रा ठेवला आणि घरात सगळ्यांना बजावलं की इथे आता कुणी काही टाकायचं नाही.

कुजताना खत बसतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. डावी टाकी तशी बसली. नाताळच्या सुट्टीत पाहिलं तर निम्म्यावर आली होती. संक्रांतीनंतर पाहिलं तर वर आली होती.

वर येणं शक्यच नव्हतं. म्हणजे कुणीतरी टाकत होतं. योगिनीने पाला बाजूला केला आणि तिला कलिंगडाची साल दिसली. अर्धवट कुजलेली, काठावर थोडा गुलाबी रंग उरलेली. आणि या वर्षी घरात अजून कलिंगड आलं नव्हतं.

"शेजाऱ्यांचा कचरा आपल्या टाकीत कोण टाकतंय?" तिने तिघांनाही उभं करून विचारलं.

"आई, कोण कशाला येईल आपल्या मागे कचरा टाकायला?" ईशा म्हणाली. "रस्त्यावर आहे की जागा."

"तुझं काहीतरी चुकत असेल," सर्वेश म्हणाला, आणि तेवढं बोलून तो आंघोळीला गेला. चार दिवसांनी तोच गाडीला पिशवी लटकवून कलिंगड घेऊन आला. योगिनीने कापलं, खाल्लं, आणि साल उजव्या टाकीत टाकताना तिला उगीचच चिडल्यासारखं झालं. तिने बाजारातून साखळी आणली आणि डाव्या टाकीच्या पत्र्याला कुलूप घातलं. किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली.

तरी टाकी वर येत राहिली.

होळीच्या आसपास तिने कुलूप काढून वरवर चाचपलं, तर बोटाला काहीतरी टणक लागलं. कपाचा कान होता. पांढरा, निळ्या रेघेचा. आवडाबाईंचा कप तो. चहा त्या दुसऱ्या कशातून पीत नसत.

"आता चिनी मातीसुद्धा," योगिनी दात आवळून म्हणाली आणि कान घेऊन तरातरा स्वयंपाकघरात गेली. सासूबाई दाराशी पाटावर बसून चहा पीत होत्या. त्याच कपातून. कपाला कान होता.

तिने हातातला कान मुठीत झाकला. मग म्हणाली, "आई, असा दुसरा कप होता का आपल्याकडे?"

"नाय गो. जत्रेतून एकच आणलानी होता ह्यांनी. का?"

"काही नाही." तिने तो कान धुऊन खिडकीत ठेवला. जुन्या बांधकामाच्या भरावातला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. भराव टाकीत कसा जाईल, हे मात्र विचारलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ईशाच्या हातून तो कप पडला. कान वेगळा झाला, बाकीचा कप शाबूत. आवडाबाईंनी हळहळून कान ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला, कारण त्या घरात सगळंच ओल्या कचऱ्यात जात असे. योगिनीने तो उचलला आणि खिडकीतल्या कानाशेजारी धरला. निळ्या रेघेवरचा टवका सारखा. तुटलेल्या कडेवरचा बारीक दातरा सारखा. एक चकचकीत होता आणि एक मळकट, एवढाच फरक.

आवडाबाई तिच्या हाताकडे बघत होत्या.

"मालगुंडला बोलली होतीस ना गो दोन शब्द?"

"आई, उकिरड्याशी काय बोलायचं?"

तोंडात घातलेला विडा त्यांनी चावला नाही, तसाच गालात धरून ठेवला. "त्या टाकीला आता हात लावू नको," एवढंच म्हणाल्या.

योगिनीला भयंकर राग आला. कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. वर्षभर राबून केलेलं खत, आणि हात लावू नको म्हणे. मोगऱ्याची रोपं कुंड्यांत सुकत होती. त्यात परीक्षा आल्या, पर्यवेक्षण आलं, आणि ते कान तिने ड्रॉवरमध्ये टाकून दिले.

एप्रिलच्या शेवटी, एका रविवारी सकाळी, सर्वेश आंघोळीला आणि ईशा मैत्रिणीकडे गेलेली असताना, तिने कुलूप काढलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. पुढच्या फळ्या तिने एकेक करून वर ओढल्या आणि खाली ठेवल्या. ऊन थेट आत पडलं.

काजूच्या पाल्याचे थर स्पष्ट दिसत होते. रेघा मारल्यासारखे. प्रत्येक दोन रेघांमध्ये एकेक बादली.

तळाशी सगळं काळं झालं होतं. त्यावर कलिंगड. त्यावर कपाच्या कानाची रिकामी खोबण. प्रत्येक थरात माशांचे खवले चमकत होते, कढीपत्त्याच्या काड्या होत्या, आणि पांढरं पीठ होतं. तिने स्वतः चुरलेलं. ते पाहून तिला जरा बरंसुद्धा वाटलं.

मग फणसाची काटेरी साल. जाड थर. त्यावरही पीठ, भुरभुरलेलं.

या वर्षी फणस अजून घरात आला नव्हता.

त्यावरच्या थरांत खवले नव्हते. योगिनी वाकली. तिने काडीने उकरून पाहिलं. मासा नाही. अंडं नाही. कढीपत्त्याची एक काडी नाही, लसणीचं साल नाही. हे घर मासळीशिवाय राहायचं ते फक्त श्रावणात, आणि श्रावणात फणस कुठला? मासळी नाही आणि फोडणीही नाही असे दिवस तिने सासरी एकदाच काढले होते. मामंजी गेले तेव्हा, सुतकात.

काडीला काहीतरी अडकून आलं. दर्भाची अंगठी होती. मोठ्या माणसाच्या बोटातली. मामंजींच्या दहाव्याला भटजींनी तशीच सर्वेशच्या बोटात घातली होती.

आई, असं तिच्या मनात आलं. सासूबाईंवर ती दिवसातून दहादा चिडायची आणि त्यांच्याशिवाय घर कसं असेल याचा तिने कधी विचार केला नव्हता.

तिने भराभर वरचे थर चाचपले. विड्याचे देठ. होते. वरपर्यंत होते.

ईशा. पेन्सिलींची सालपटं, निळी, पिवळी. होती.

सर्वेश. दर्भ त्याच्याच बोटातला असणार. आणि वरच्या थरांत अंड्यांची टरफलं होतीच.

तिघंही होते. घरातलं कुणीही कमी झालं नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी तिने मळक्या मनगटाने पुसलं.

मग तिला ती टरफलं नीट दिसली. अख्खी. एकात एक घातलेली. त्यांच्याशेजारी दुधाच्या पिशवीचा कोपरा.

"शंभरदा सांगितलं," ती पुटपुटली, आणि चुरायला हात पुढे केला.

हात तिथेच थांबला.

त्यावरचा थर. अख्खी टरफलं. त्यावरचा. अख्खी. पिशवीचे कोपरे तसेच, कुणी वेचून काढलेले नाहीत.

अगदी वर, शेवटच्या थरात, टरफलं चुरलेली होती. पीठ नव्हतं झालेलं. मोठे मोठे तुकडे, सवय नसलेल्या हाताने दाबून केलेले. आणि त्या थरात प्लॅस्टिकचा एकही कोपरा नव्हता.

शिकले होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने तिघांनाही ओट्याशी बोलावलं. ती चिडली नाही, आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच बहुधा सगळे मुकाट्याने आले. अंडी तिने मुद्दाम फोडली होती. प्रत्येकाच्या हातात एकेक टरफल दिलं.

"चुरा. माझ्यासमोर."

"आत्ता?" सर्वेश हसला. "उद्यापासून करतो की."

"आत्ता. मी इथे उभी आहे तोवर."

तिच्या आवाजात काहीतरी असावं. त्याने मूठ दाबली. आवडाबाईंनी दाबली. ईशाने दाबली आणि तळवा उघडून दाखवला. मोठे मोठे तुकडे होते. योगिनी त्यांच्याकडे नको तितका वेळ बघत राहिली.

"जमलं ना, आई?"

"जमलं. आता रोज. रोज असंच." तिने मुलीचं डोकं पोटाशी धरलं. "आणि अहो, या वर्षी फणस आणायचा नाही. मला सोसत नाही."

"तुला? तू तर अर्धा एकटी खातेस."

"आणू नका म्हटलं ना."

फळ्या तिने परत बसवल्या होत्या, कुलूप घातलं होतं. तिच्या मनाशी हिशेब साधा होता. हे जर आधीच शिकले, तर ते थर कुठून येणार? दुसऱ्या दिवशी बादलीत टरफलं चुरलेली होती. तिसऱ्या दिवशीही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पिशवीलाच लटकत ठेवलेला होता. तो पाहून योगिनीला रडू यायचं बाकी राहिलं. आठवडाभर तिने घरात कुणावर आवाज चढवला नाही. आवडाबाईंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाय काय गो तुला?

मे उजाडला. पेपर तपासायला शाळेत जावं लागायचं. दुपारी ती घामाघूम होऊन घरी आली, चपला काढल्या, आणि दारातच तिला वास आला. गोड, दाट वास. सगळं घर त्याने भरलं होतं.

आवडाबाई मागच्या पडवीत विळीवर बसल्या होत्या. हातांना खोबरेल, समोर परातभर पिवळे गरे.

"ये गो, खा. मालगुंडहून विनीतने पाठवलान. कापा फणस हाय, मधासारखा."

विनीत त्यांचा भाचा. योगिनीने पडवीच्या खांबाला हात टेकला. "कुठल्या झाडाचा?"

"त्या बंद वाडीतला. काय काळजी करू नको, तुझ्यासारखा नाय तो. दोन शब्द बोलून, रीतसर मागून काढलान." त्यांनी एक गरा सोलून तिच्यापुढे धरला. "खुशीने दिलानी म्हणत होता. तुझ्या घरी पोचता कर म्हणाले."

"कोण म्हणाले, आई?"

आवडाबाईंनी वर पाहिलं. हातातला गरा त्यांनी परातीत परत ठेवला. "तो तसा म्हणाला खरा," त्या हळूच म्हणाल्या.

बादली तिथेच होती. काटेरी साल तिच्यात मावत नव्हती, झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं. योगिनी जवळ गेली. सालीवर सकाळची टरफलं होती. अख्खी, एकात एक घातलेली. सर्वेश घाईत असणार.

तिने ती उचलली. उचलून हातात धरली आणि उभी राहिली. चुरायची नाहीत. एवढंच करायचं. ही अशीच बादलीत टाकायची, अख्खीच, म्हणजे टाकीत दिसलं ते काही तसं राहणार नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसली. संध्याकाळी सर्वेश आला की त्याला चांगलं फैलावर घ्यायचं, आधी ईशाला बोलवायचं, त्या टाकीतलं सगळं उपसून लांब नेऊन टाकायचं, सुट्टीच आहे आता.

"गो," आवडाबाई म्हणाल्या, "काय करतंस?"

तिने खाली पाहिलं. तिची मूठ मोकळी होती. फणसाच्या सालीवर, काट्याकाट्यांतून, पांढरं पीठ भुरभुरलेलं होतं.